शरदातला एक दिवस पक्ष्यांसाठी: वेताळ टेकडी ते पाषाण तलाव

पुण्यात पक्षी पाहायला सुरुवात कधी करावी, असं कुणी विचारलं की मी दसऱ्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सांगतो. डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते, तलावांवर बदकं जास्त असतात, हे खरं आहे. पण शरदात जी हालचाल चालते ती पुढे पाहायला मिळत नाही. पावसाबरोबर आलेला चातक याच दिवसांत परततो. हिमालय, मध्य आशिया आणि सैबेरियाकडून हिवाळी पाहुणे उतरायला लागतात. काही पक्षी तर फक्त वाटेवरचे असतात. मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाणारा युरोपीय नीलपंख सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतावरून जातो आणि तारेवर बसलेला दिसला तर दोन-चार दिवसच दिसतो. शिवाय इथल्याच पक्ष्यांची पावसाळ्यात वाढलेली पिल्लं नुकती स्वतंत्र झालेली असतात. यातलं बरंचसं आठ-दहा ग्रॅम वजनाच्या जिवांच्या रूपात बाणेर, औंध, कोथरूड, पाषाणच्या झाडांवर चालू असतं आणि खालून आपण स्कूटरवरून जात असतो.

हा लेख एका दिवसाचा आराखडा आहे. पश्चिम पुण्यात राहणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे, पण पद्धत कुठेही लागू पडेल.

आधीचा आठवडा: घरचे पक्षी पाठ करा

नवख्या माणसाची अडचण अशी होते की पहिल्याच सकाळी चाळीस जातींचे आवाज एकदम कानावर येतात आणि त्यातला कोणता नवा, कोणता रोजचा, हेच कळत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की ठरलेल्या दिवसाच्या आधी आठवडाभर रोज सकाळी पंधरा मिनिटं आपल्या सोसायटीत किंवा गच्चीवर उभं राहावं आणि फक्त इथलेच पक्षी कानाने ओळखायला शिकावं. पाहुणा ओळखू यायचा तर घरातली माणसं आधी ओळखीची हवीत.

पंधरा-सोळा पक्षी पुरे आहेत. तांबटाचं एकसुरी ‘टुक टुक टुक’. शिंप्याचं त्याच्या आकाराला न शोभणारं मोठं ‘टुविट टुविट’. लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल या दोघांच्या बोलण्यातला फरक. राखी वटवट्या उडताना होणारा पंखांचा चटचट आवाज. सुभगची लांब ओढलेली शीळ. चष्मेवाल्यांच्या थव्याची बारीक किणकिण. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, शिंजीर, भारद्वाज, टिटवी, पोपट, खंड्या, होला हे त्यात धरा. दयाळ मात्र या दिवसांत फारसा गात नाही. त्याची सुरेल शीळ फेब्रुवारीनंतर ऐकू येते, आत्ता तो कुंपणाच्या आडोशाला खरखरीत आवाज काढत हिंडतो.

आवाज लिहून ठेवायचे, आपल्याला ऐकू येतात त्याच अक्षरांत. दुसऱ्याने लिहिलेला आवाज पाठ करून उपयोग होत नाही. मोबाइलमधली आवाज ओळखणारी अ‍ॅप्स मदत करतात, पण त्यांनी सुचवलेलं नाव हा एक अंदाज समजायचा. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही.

दिवस कसा निवडावा

पुण्यातून मॉन्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मागे फिरतो. त्यानंतरचा, रात्री आकाश स्वच्छ आणि वारा मंद असलेला दिवस पकडा. छोटे स्थलांतरित पक्षी बहुतेक रात्री उडतात. अशा रात्रीनंतरच्या सकाळी दमलेले, भुकेले पक्षी झाडांत उतरून एकसारखे खात असतात आणि माणसाकडे त्यांचं लक्ष कमी असतं. शक्य असेल तर रविवार टाळा, टेकडीवर फिरणाऱ्यांची गर्दी असते. लक्ष्मीपूजन आणि त्यानंतरचा दिवस तर टाळाच. रात्रभराच्या फटाक्यांनंतर सकाळी धुराचा थर असतो आणि वस्तीजवळची झाडं शांत पडलेली असतात.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्योदय साडेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सहा-सव्वासहाला होतो. पहिले अडीच तास आणि शेवटचा दीड तास, एवढाच आपला मुख्य कामाचा वेळ. मधली दुपार ऑक्टोबर हीटची.

बरोबर काय न्यायचं

दुर्बीण ८×४२ किंवा ८×४० घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहा, बारा, वीस पटींचं आमिष दाखवतात. जास्त पट म्हणजे हाताचा कंपही तेवढाच मोठा आणि दिसणारा भाग अरुंद. पानांत उड्या मारणारा वटवट्या तसल्या दुर्बिणीत सापडतच नाही. विकत घेण्याआधी कुणाची तरी उसनी घेऊन दोन सकाळी वापरून पाहा.

घरून निघण्यापूर्वी दुर्बीण डोळ्यांना लावून घ्या, म्हणजे उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करायची, मग डावा मिटून उजव्या नळीवरचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. हे एकदाच करावं लागतं, पण न केल्यामुळे कित्येक जण ‘मला दुर्बिणीतून नीट दिसत नाही’ म्हणून नाद सोडतात. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दुमडा. आणि पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. मान खाली घालून दुर्बीण हातात घेतलीत की पक्षी हरवला.

खिशात मावणारी वही, पेन्सिल, दीड लिटर पाणी, टोपी. कपडे मातकट, करड्या किंवा फिक्या हिरव्या रंगाचे. पावसाळ्यानंतर टेकडीवरचं कुसळी गवत पिकलेलं असतं, त्याची कुसळं मोज्यांत घुसून पाय सोलतात, म्हणून घोट्याच्या वरपर्यंत बूट आणि गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट. घोणस आणि फुरसं या टेकड्यांवर असतात, तेव्हा दाट गवतात पाय टाकायचा नाही, मळलेल्या वाटेनेच जायचं. अत्तर नको. उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं आणि माश्यांना उग्र वास सहन होत नाही.

सहा ते साडेनऊ: टेकडी

वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, शहरातली सर्वांत उंच जागा. पाषाणकरांनी पंचवटीच्या बाजूने चढावं, कोथरूडकरांनी एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने, डेक्कनकडच्यांनी लॉ कॉलेज रोडच्या बाजूने. अंधार असताना आडवाटेला एकट्याने जाऊ नका. दोघं-तिघं बरोबर असावेत, चारच्या वर नकोत.

चढणीवर वेळ घालवा. पहिल्या उजेडात गिरिपुष्पाच्या दाट झाडीत जमिनीलगत हालचाल असते. इथे नारिंगी डोक्याचा कस्तुर पाचोळा उलटत असतो. पाचोळ्याचा आवाज आला की थांबायचं आणि आवाजाच्या दिशेला न जाता दहा पावलं मागे येऊन झाडाला टेकून उभं राहायचं. पाच-सात मिनिटांत तो उघड्यावर येतो. स्वर्गीय नर्तकही याच आडोशाला, बहुधा तांबूस मादी किंवा तरुण नर. लांब पांढऱ्या शेपटीचा नर दिसलाच तर तो दिवस सोन्याचा.

वाटेवर, विशेषतः जिथे ओल टिकून आहे तिथे, करडा धोबी दिसेल. तो सर्वांत लवकर येणाऱ्यांपैकी, सप्टेंबरातच हजर होतो. पाठ करडी, पोट पिवळं, शेपटी शरीराच्या मानाने लांब आणि एकसारखी वरखाली. तो माणसापुढे वीस-पंचवीस पावलं उडतो, परत वाटेवरच उतरतो, पुन्हा उडतो. त्याच्यावर घाई करू नका, कारण धोबी हा पक्षी ओळखण्याची पद्धत शिकायला उत्तम आहे. पिवळा धोबी पोटाला पिवळाच असतो, पण त्याची पाठ हिरवट, शेपटी आखूड, आणि तो ओल्या गवतात गुरांच्या पायांजवळ सापडतो, झाडीतल्या वाटेवर नाही. पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा, छातीवर काळा डाग. कवड्या धोबी आकाराने मोठा, पाठ काळी, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई, आणि तो बाराही महिने इथेच असतो. चौघांच्या जागा वेगळ्या, रूपं वेगळी. रंगाआधी जागा आणि चाल पाहायची सवय इथे लागते.

माथ्यावर गवताळ पठार आणि जुनी दगडखाण आहे. खाणीत पावसाचं पाणी साठलेलं असतं. पाण्यावर टिबुकली, वर तारवाली भिंगरी. कातळाच्या कडांवर आणि पडक्या भिंतींवर थिरथिरा शोधा. करड्या-काळ्या अंगाचा, नारिंगी शेपटी सतत थरथरवणारा हा पक्षी ऑक्टोबरात यायला लागतो आणि नोव्हेंबरात सहज दिसतो. गवताच्या उंच काडीवर, अगदी शेंड्याला बसलेला, चिमणीएवढा, गोल डोक्याचा पक्षी दिसला तर तो बहुतेक गप्पीदास. तो खाली झेप घेतो, किडा उचलतो आणि पुन्हा कुठल्यातरी शेंड्यालाच बसतो. गवताच्या बियांवर मुनियांचे थवे, मधूनमधून तित्तिरांची चढत जाणारी साद, आणि लांबून मोराचा आवाज.

खाटीक पक्ष्यांकडे नीट बघा. करडं डोकं, तांबूस पाठ, लांब शेपटी असलेला नकल्या खाटीक इथलाच. तपकिरी खाटीक मात्र ईशान्य आशियातून, सैबेरिया-मंगोलियाच्या पट्ट्यातून येतो. अंगावर सगळी तपकिरी छटा, डोळ्यांवर काळी पट्टी, वर पांढरट भुवई. तो उघड्या तारेपेक्षा झुडपाच्या आतल्या अंगाला बसणं पसंत करतो आणि सकाळी-संध्याकाळी कर्कश कटकट करतो.

मिश्र थवा: सकाळचा गाभा

साडेसात-आठच्या सुमारास झाडीत काही काळ काहीच नसतं आणि मग एकाएकी वीस-तीस पक्षी एकत्र येतात. त्यात चष्मेवाले, राखी वल्गुली, सुभग, छोटे निखार, शिंपी, पांढऱ्या ठिपक्यांचा नाचण आणि शेवटी एखादा कोतवाल असतो. पावसाळ्यातली वीण संपलेली, कुणाला आपली हद्द राखायची नाही, म्हणून निरनिराळ्या जाती एकत्र फिरून किडे टिपतात. जितके डोळे जास्त तितका शिकारी शिक्रा लवकर दिसतो, आणि एकाने हुसकावलेला किडा दुसऱ्याला मिळतो.

स्थलांतर करून आलेले छोटे पक्षी याच थव्यांना येऊन मिळतात, म्हणून शरदात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. थवा दिसला की त्याच्या मागे पळायचं नाही. तो कुठल्या दिशेने सरकतोय ते बघायचं, वळसा घालून पुढे जाऊन उभं राहायचं आणि त्याला आपल्यावरून जाऊ द्यायचं. मग ओळखीचे पक्षी एकेक करून मनातून वगळत जायचं. हा चष्मेवाला, हा सुभग, हा वल्गुली… आणि हा कोण?

तो बहुतेक दोघांपैकी एक असतो. झाडाच्या वरच्या पानांत, हिरवट पाठीचा, फिकट भुवईचा, पंखावर एकच बारीक फिकी रेघ असलेला, आणि दर थोड्या वेळाने ‘चि-स्वी’ असं म्हणणारा हिरवट पर्ण वटवट्या. किंवा खाली झुडपात, अंगभर साधा तपकिरी, लांबट चोचीचा, पंखावर रेघ नसलेला, आणि ‘चक्… चक्’ करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या. दिसायला दोघंही अगदी साधे. बरेच जण यांना ‘काहीतरी वटवट्या’ म्हणून सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं. सात-आठ ग्रॅमचा हिरवट वटवट्या हिमालय किंवा त्याच्याही पलीकडून आलेला असतो, आणि बोरू वटवट्याची वीण तर फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या पट्ट्यात होते. त्याचं ‘चक्’ एकदा कानात बसलं की ते कर्वे रोडवरच्या एखाद्या बंगल्याच्या जास्वंदीतही ऐकू येतं आणि एप्रिलपर्यंत येत राहतं.

थव्याच्या कडेला, सावलीत, शेपटी झटकन वर उचलणारा लहानसा तपकिरी पक्षी असला तर शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं आहे का ते पाहा. असेल तर तो लाल छातीचा माशीमार. मादी आणि तरुण पक्ष्यांत छाती लाल नसतेच, म्हणून लाल शोधत बसू नका. त्याचा ‘टर्रर्र’ असा कोरडा आवाज ओळख पक्की करतो. कोतवाल दिसला तरी एकदा डोळा तपासा. उघड्यावरचा काळा कोतवाल नेहमीचा, झाडीतला, पाटीच्या रंगाचा, लाल डोळ्यांचा राखी कोतवाल हिवाळी पाहुणा.

साडेनऊ ते साडेदहा: मान वर

झुडपांतली हालचाल मंदावली की लोक खाली उतरतात. अजून तासभर थांबा. ऊन चढलं की कातळावरची हवा तापून वर जाते आणि शिकारी पक्षी तिच्या आधाराने घिरट्या घालत उंच जातात. पठाराच्या कडेला सावली बघून बसा.

घार आधी नीट पाहून घ्या, शेपटी दुभंगलेली, वळताना तिरकी होणारी. तीच मोजपट्टी. घारीहून लहान की मोठा, शेपटी आखूड की लांब, पंखांची टोकं टोकदार की बोटांसारखी फाकलेली, एवढं लिहिलं तरी पुरे. हवेत एका जागी फडफडत थांबणारे दोन पक्षी इथे दिसतात. पांढरा-करडा, खांद्यावर काळा डाग असलेला तो कापशी, बारमाही. तांबूस पाठीचा, लांब शेपटीचा तो केस्ट्रेल ससाणा, हिवाळी पाहुणा. दुर्बीण फिरवताना सूर्य तिच्यात येणार नाही याची काळजी घ्या, क्षणभरही नको, डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुपार: एक झाड, एक खुर्ची

उतरल्यावर पोटभर नाश्ता करा, मिसळ, पोहे, जे आवडेल ते, आणि सकाळची वही पूर्ण करा. महापालिकेची बहुतेक उद्यानं दुपारी बंद असतात, फाटकावरची वेळ बघून जा. पण उद्यानाची गरजही नाही. जवळपास पिकलेलं उंबराचं, वडाचं किंवा पिंपळाचं झाड शोधा, सोसायटीत असेल तर तिथेच, आणि सावलीत तासभर बसा.

पिकलेल्या वडावर आपल्याला फिरावं लागत नाही, पक्षीच येत राहतात. तांबट, कुटूर्गा, बुलबुल, हळद्या, राखी धनेश, आणि नशीब असेल तर आपला राज्यपक्षी हरियाल. हरियाल वीस-पंचवीस असले तरी पानांत मिसळून जातात. एक उडाला की बाकीचे कळतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी अंगाच्या मैना, याच दिवसांत थव्याने येतात. त्यांची तरुण पिल्लं फिकट मातकट असतात, साळुंकी समजून सोडू नका.

शरदात पक्षी मार्गदर्शकातल्या चित्रांसारखे दिसत नाहीत, ही गोष्ट दुपारच्या निवांत वेळात नीट समजून घ्यावी. वीण संपल्यावर पिसं बदलतात. जांभळ्या शिंजिराचा चकाकता नर आता मादीसारखा पिवळट झालेला असतो, गळ्यापासून छातीवर उतरणारी एक काळसर पट्टी तेवढी उरते. सुगरण नराचं पिवळं डोकं गेलेलं असतं आणि तो चिमणीच्या मादीत मिसळून जातो. वंचकाच्या पाठीवरचा तांबूस झगा आणि गायबगळ्याचा नारिंगी रंग, दोन्ही उतरलेले. त्यात पिल्लांची भर. कावळ्याकडे तोंड उघडून खाऊ मागणारं ठिपक्याठिपक्यांचं कोकिळेचं पिल्लू या हंगामाच्या सुरुवातीला अजून दिसतं. एखादा पक्षी कशातच बसत नसेल, तर नवीन जात शोधण्याआधी ‘हा आपल्याच कुणाचा तरुण किंवा रंग उतरलेला नर तर नाही?’ हे आधी विचारा. बहुतेक वेळा तोच असतो.

साडेचार ते साडेसहा: पाषाण तलाव

राम नदी अडवून इंग्रजी अमदानीत बांधलेला हा तलाव आज गाळ आणि जलपर्णीने बराच भरलेला आहे. सांडपाण्याने त्याचं नुकसान झालं आहे आणि ते थांबायला हवं. तरीही पक्षी येतात, म्हणून आपणही जायचं, पाहायचं आणि नोंदवायचं. नोंदी असतील तरच ‘इथे काय होतं’ हे पुढे सांगता येतं.

सूर्य पाठीशी राहील अशी जागा घ्या. समोरून ऊन आलं तर सगळे पक्षी काळे दिसतात आणि संध्याकाळ फुकट जाते. किनाऱ्याच्या अगदी कडेला जाऊ नका, झाडाच्या बुंध्याआड राहा, बदकांना उडवू नका.

जलपर्णीच्या कडेने चालणारे पक्षी प्रथम तपासा. जांभळी पाणकोंबडी आणि लाजरी पाणकोंबडी. लांब बोटांनी पानांवरून चालणारा कांस्यपंखी कमळपक्षी. मोकळ्या पाण्यावर हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या, चोचीचं पिवळं टोक लांबूनही दिसतं, ही इथलीच. थापट्या बदकं ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात येतात, आणि आल्याआल्या त्यांचे नरही मळकट तपकिरी असतात, तेव्हा रंगाऐवजी फावड्यासारखी रुंद चोच शोधा.

चिखलाच्या पट्ट्यावर शेपूट हलवत फिरणाऱ्या तुतवारांत नवख्यांचा फार गोंधळ होतो. खांद्याजवळ पांढऱ्या रंगाची खाच वर गेलेली, आणि उडताना पंख ताठ ठेवून पाण्यालगत थरथरत जाणारी ती साधी तुतवार. पाठ गडद, बहुधा एकटी, उडाल्यावर शेपटीच्या वर ठळक पांढरं दिसलं तर हिरवी तुतवार. पाठीवर भरपूर ठिपके, भुवई स्पष्ट, चार-सहाच्या गटात, ती ठिपकेवाली तुतवार. उडाल्याशिवाय खात्री होत नाही, आणि तरीही मुद्दाम उडवायचं नाही. थांबलं की त्या आपणहून उडतात.

जलपर्णीवरून खाली उडत, पंख वर उचलून, डावी-उजवीकडे झुकत जाणारा मोठा तपकिरी शिकारी म्हणजे दलदल भोवत्या. तो आला की सगळे बगळे, शेकाटे, टिटव्या एकदम उठतात, म्हणून कल्लोळ झाला की वर बघायचं. साडेपाचनंतर रात्रीच्या थाऱ्याला येणारे थवे मोजा, पाणकावळे, बगळे, शराटी. दहा-दहाचा एक गट डोळ्यांनी मोजून तसे किती गट गेले ते लिहायचं. भिंगऱ्यांच्या थव्यात शेपटीच्या लांब तारांची तारवाली आणि पाठीखाली तांबूस पट्टा असलेली लालबुडी वेगळी काढा. फाटक बंद होण्याची वेळ चुकवू नका.

काय करायचं नाही

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या, अंगावर चरबी उरलेली नसलेल्या पक्ष्याला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावणं चूक आहे. घुबड किंवा पिंगळ्याच्या ढोलीचं नेमकं ठिकाण सगळ्यांना कळवू नका. शेव, फरसाण, पाव टाकू नका. कुत्रा घरी ठेवा. फोटोसाठी फांद्या तोडणारा दिसला तर त्याला शांतपणे, पण नक्की अडवा.

पूर्व आणि दक्षिण पुणेकरांसाठी

हडपसर-कॅम्पकडच्यांनी टेकडीऐवजी एम्प्रेस गार्डन घ्यावं, जुनी अजस्र झाडं आहेत, धनेश आणि माशीमार तिथे चांगले. संध्याकाळी सोलापूर रस्त्याने कवडीपाटला मुळा-मुठेवर जावं. पाण्याला वास येतो, पण चित्रबलाक, नदी सुरय आणि हंगाम पुढे सरकला की चक्रवाक दिसतात. सहकारनगर, धनकवडी, बिबवेवाडीकरांना तळजाईचं जंगल आहे. गणेशखिंडीतला विद्यापीठाचा परिसर वटवट्या आणि माशीमारांसाठी फार चांगला. आत जाण्याचे नियम फाटकावर विचारून घ्या.

नोंद

रात्री झोपण्याआधी यादी पूर्ण करा. ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत असाल तर टेकडी, वडाचं झाड आणि तलाव यांच्या तीन वेगळ्या याद्या करा. प्रत्येकीत सुरू-बंद वेळ, चाललेलं अंतर आणि दिसलेल्या सर्व जाती संख्येसह. फक्त दुर्मीळ तेवढे लिहून कावळे-साळुंक्या वगळू नका. पुढे चिमणी किंवा टिटवी कमी झाली का, हे अशाच पूर्ण याद्यांमधून कळतं. न ओळखलेल्या पक्ष्याला नाव देण्याची घाई नको. आकार बुलबुलाहून लहान की मोठा, चोच कशी, शेपटी कशी, कुठे बसला होता, काय करत होता, एवढं आणि कच्चं चित्र. वर्षभराने हीच पानं परत उघडली की निम्मे अनोळखी आपोआप ओळखू येतात.

२०२०पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा जन्मदिन. त्या आठवड्यात हाच मार्ग, याच वेळेला, पुन्हा करा. पहिल्या फेरीत मिळालेला चातक आता बहुधा नसेल. खाणीच्या कडांवर थिरथिरे वाढलेले असतील, गप्पीदासाने आपली काडी ठरवून घेतलेली असेल, आणि तलावावर थापट्या मोजायच्या राहिल्या असतील तर त्या याच फेरीत मोजायच्या.